चार शहरांची वरात

पंचावन्न सालच्या वैशाखात चाकणला गेनबाच्या सारवलेल्या अंगणात त्याच्या बँडची चौदा माणसं लाल कोट चढवून सकाळपासून उभी होती. ग्रामोफोनच्या तबकड्या काढणाऱ्या मुंबईच्या कंपनीचे साहेब येणार होते. खेडच्या एका लग्नात त्यांनी हा बँड ऐकला होता.

लढाईच्या वर्षांत गेनबा पलटणीच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचा. बसरा, कैरो, हैफा, नेपल्स; पलटण जिथं गेली त्या शहराच्या नावाची एकेक चाल त्यानं रचली आणि परत आल्यावर वरातींसाठी बसवली. कागदावर काहीच नव्हतं. तो तोंडानं बोल म्हणायचा, माणसं ऐकून उचलायची. ट्रंपेटवाला हिंदुराव औत हाकताना नेपल्स घोकायचा. गेनबाची बायको छबूबाई दळायला बसली की जातं कैरोच्या ठेक्यातच फिरायचं.

साहेब मोटारीतून उतरले, एक चाल ऐकली, चहा घेतला.

"चार चालींचा आल्बम काढू. तुम्ही मुंबईला येऊन नुसत्या म्हणून दाखवा, आमचा माणूस लिहून घेईल. वाजवतील हॉटेलातले वादक. नावही त्यांच्याच मास्तरांचं टाकू. चाकणचा बँड म्हटल्यावर तबकडी कोण घेणार?"

गेनबा उठून आत आला. छबूबाईनं दारामागून सगळं ऐकलं होतं.

"छबे, तबकडी निघतीय. चाली तरी जगतील."

"अन् पोरांनी इचारलं, ह्यात आपला बा कुठं हाय, तर काय दावू? तबकडीच्या मधलं भोक?"

गेनबा हसला नाही. पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, खाली ठेवला आणि बाहेर गेला.

"सायेब, चाली ह्या चौदा जणांच्या तोंडात हायेत. न्यायच्या तर चौदा जणं न्या, नावासकट."

"वेडे आहात. अशी संधी पुन्हा येत नाही."

"न्हाई आली तर न्हाई."

साहेब तडक मोटारीत बसले. गेनबानं क्लॅरिनेट ओठाला लावलं. चौदा माणसं बोळात मोटारीपुढं आली आणि बसरा सुरू झाली. बोळ एवढासा, मोटारीला नवरदेवाच्या गाडीसारखं मागून रांगावं लागलं. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, तर झांजवाल्या सयाजीनं तोही ठेक्यात घेतला. वेशीपर्यंत कैरो झाली, हैफा झाली.

नाशिक रस्त्याला लागेपर्यंत नेपल्सही संपली. बँड बाजूला झाला. तेवढ्यात डोईवरचा पदर सावरत छबूबाई पुढं आली आणि मोटारीच्या खिडकीत वाकली.

"ट्रंपेट हिंदुरावाचा, झांज सयाजीची, मोठा ढोल मोशीच्या उद्धवरावाचा..."

ड्रायव्हर गाडी दामटायला बघत होता. तिनं दाराची कडी सोडली नाही. अजून अकरा नावं राहिली होती.