उरलेला जिल्हाध्यक्ष

गोंडपिपरीत बसस्टँडकडून बाजाराकडे वळलं की डाव्या हाताला बाबूभाईंचं शिवणकामाचं दुकान आहे. त्याच्या समोर माझं झेरॉक्सचं दुकान. त्यामुळे बाबूभाई पक्षाचे जिल्हाध्यक्ष झाले ते मी बसल्या जागेवरून पाहिलं, आणि पुढं जे झालं तेही.

बाबूभाईंचे वडील उस्मानभाई याच दुकानात कपडे शिवायचे आणि याच पक्षाचं काम करायचे. दुकानासोबत पक्षही बाबूभाईंकडे आला. सभेच्या सतरंज्या अंथरणं, बॅनर बांधणं, मतदानाच्या दिवशी बूथवर बसणं, झेंडे आणि टोप्या शिवणं, हे त्यांचं काम. भाषण त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं. त्यांच्याकडे एक पद होतं, अल्पसंख्याक सेलचे तालुका उपाध्यक्ष. हा सेल वर्षातून एकदा इफ्तारला भेटायचा आणि खजूर खाऊन उठायचा. बाबूभाईंना त्याचं काही वाटत नसे. स्टेजच्या मागे राहण्यातच त्यांना बरं वाटायचं.

जिल्ह्यात पक्ष म्हणजे गुणवंतराव वांढरे. जिल्हाध्यक्ष तेच. राइस मिलचे मालक, भरदार माणूस, आवाज मोठा. माणूस वाईट नव्हता. बाबूभाईंच्या मुलीच्या, कहकशाँच्या लग्नात तो दोन तास बसला होता आणि जाताना भटाऱ्याला बोलावून बिर्याणीचं कौतुक करून गेला होता. बाबूभाई ते अजून सांगतात.

मग एका सकाळी मुंबईत पक्षाच्या प्रदेशाध्यक्षांनी पक्ष सोडला. टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. अर्धे आमदार त्यांच्यासोबत दुसऱ्या पक्षात गेले आणि जेवणाच्या वेळेपर्यंत गुणवंतरावही गेले. गोंडपिपरीतून गाड्या भरून माणसं चंद्रपूरला प्रवेशासाठी निघाली. बाबूभाई तेव्हा पक्षाच्या वर्धापनदिनाचे झेंडे शिवत होते. गाड्या त्यांच्या दुकानावरूनच गेल्या. त्यांनी मान वर करून पाहिलं, मशीन थांबवली, गुणवंतरावांना फोन लावला. तो कोणी उचलला नाही. मग तालुकाध्यक्षाला लावला. त्याने उचलला आणि म्हणाला की अरे, तुम्हाला कोणी सांगितलंच नाही का, या मग मागच्या एखाद्या गाडीत.

मागची गाडी काही आली नाही.

गावात मात्र वेगळंच बोललं जाऊ लागलं. सगळे गेले, बाबूभाई हलले नाहीत. बाबूभाईंचं इमान बघा. लोक दुकानात येऊन हात मिळवून जात. बाबूभाई ओशाळून जायचे. एकदा चहा पिताना मला म्हणाले, "मले कोनी चला म्हटलं असतं तर मी गेलो असतो का नाई, हे मलेच माहीत नाई. पन कोनी म्हटलंच नाई ना."

त्यानंतर थोड्याच दिवसांत मुंबईहून प्रदेश कार्यालयाचा फोन आला. नवे हंगामी प्रदेशाध्यक्ष नेमले गेले होते. त्यांच्या कार्यालयातला तहसीन नावाचा एक तरुण सहायक प्रत्येक जिल्ह्यात कोण उरलंय ते शोधत होता. त्याने विचारलं, तुमच्याकडे आपले किती लोक आहेत? बाबूभाईंनी आजूबाजूला पाहिलं. दुकानात ते आणि त्यांची बायको नूरीभाभी, एवढेच होते. ते म्हणाले, हाय, थोडेफार. संध्याकाळी मोबाइलवर नियुक्ती आली. शेख बाबू शेख उस्मान, प्रभारी जिल्हाध्यक्ष. मीच तिचा प्रिंट काढून दिला.

नूरीभाभी आधी हसल्या, मग म्हणाल्या, "अब लोग आयेंगे. क्या बोलोगे उनको?"

आणि लोक आलेच. आम्हा सगळ्यांनाच त्याचं नवल वाटलं. पक्ष फुटला, आमदार गेला, चंद्रपूरचं कार्यालय घरमालकाने दुसऱ्या पक्षाला दिलं, हे सगळं लोकांना माहीत होतं. पण जिल्हाध्यक्ष म्हटलं की लोकांना वाटतं, काहीतरी असेलच. कोणाचा ट्रान्सफॉर्मर जळालेला, कोणाचं धान केंद्रावर घेतलं जात नसलेलं. बाबूभाई कापडाचं माप घेता घेता ऐकायचे आणि फोन लावायचे. गुणवंतरावांचा फोन गेला की साहेब उभे राहत. बाबूभाईंचा गेला की साहेब मीटिंगमध्ये असत.

सुकरीबाई आली ती दिवाळीच्या आधी. कोसंबटोल्याची गोंडाची बाई, विधवा, मजुरी करणारी. तिचा टोला, म्हणजे दहावीस घरांची वस्ती, जंगलाच्या आत आहे. तिथून मोठ्या गावातल्या शाळेला मुली एसटीने जायच्या. करोनात ती एसटी बंद पडली, पुढे कर्मचाऱ्यांचा संप झाला, आणि नंतर कोणी ती सुरू केलीच नाही. मुली पायी जाऊ लागल्या. मग त्या वाटेवर वाघीण पिल्लं घेऊन फिरू लागली. एक गुराखी मेला. टोल्यातल्या आयाबापांनी एकेक करून मुलींना घरी बसवलं. सुकरीची मुलगी करिष्मा दहावीत होती. तीच तेवढी अजून जात होती, वाघीण दूर राहावी म्हणून आई डबा पिटत सोबत जायची.

"मी रोज सोबत गेली त मजुरी कोन करन?" सुकरी म्हणाली. "यष्टी तेवडी चालू करून द्या, भाऊ. बाकी मले काई नाई पायजे."

बाबूभाईंनी तिला चहा दिला आणि सांगितलं, करून देतो. ते असं बोलणारे नव्हते. पण बाईसमोर नाही म्हणणं त्यांना जमलं नाही.

ते आगारात गेले. तिथल्या साहेबाने नीट बोलून सांगितलं की गाड्याच कमी आहेत, वरून कोणी सांगितलं तर बघू. वरून म्हणजे कुठून, असं बाबूभाईंनी विचारलं. साहेब हसला आणि म्हणाला, ते तर तुम्हालाच माहीत पाहिजे, अध्यक्ष तुम्ही.

तेवढ्यात प्रदेश कार्यालयातून सगळ्या जिल्हाध्यक्षांना बैठकीचं बोलावणं आलं. बाबूभाईंना वाटलं, वर म्हणजे हेच. त्यांनी नवा शर्ट शिवला, बल्लारशाहून रेल्वेने मुंबईला गेले. बैठक मोठी होती. एसीत त्यांना थंडी वाजली. चर्चा जागावाटपाची होती, मित्रपक्षाला विदर्भात किती जागा सोडायच्या याची. चंद्रपूर-गडचिरोलीचं नाव दोनतीनदा निघालं, आणि प्रत्येक वेळी ते सोडायच्या जागांमध्येच निघालं. शेवटी एकेका जिल्हाध्यक्षाला बोलायला माइक दिला. बाबूभाई उभे राहिले. जन्मात पहिल्यांदा माइक हातात आलेला. त्यांनी कोसंबटोल्याच्या एसटीचं सांगितलं, वाघिणीचं सांगितलं, करिष्माचं नाव घेतलं. सभागृहात कोणीतरी पुटपुटलं की हे आगाराचं काम आहे. प्रदेशाध्यक्ष म्हणाले, फार महत्त्वाचा विषय, लिहून द्या. आणि माइक पुढच्या माणसाकडे गेला.

बाहेर जिन्यात तहसीनने त्यांना गाठलं. मुलगा मनाने चांगला होता. त्याने समजावून सांगितलं की चाचा, इथून एसटी कोणी सुरू करत नाही. सरकार आपलं नाही. तुम्ही आंदोलन करा, फोटो पाठवा, आपण पेजवर टाकू.

मग बाबूभाईंनी आंदोलन केलं. बसस्टँडवर सतरंजी अंथरली, ती अंथरणारेही तेच. मी दुकान बंद करून गेलो. सुकरी टोल्यातल्या चार बायकांना घेऊन आली. करिष्मा दप्तर घेऊन बसली होती, कारण फोटोत दप्तर दिसावं असं तहसीनने सांगितलं होतं. पोलीस आले, किती वेळ बसणार ते विचारून सावलीत जाऊन थांबले. उन्हं चढली तशा बायका उठल्या, त्यांना पायी परतायचं होतं. फोटो प्रदेशाच्या पेजवर आला. टोल्याचं नाव चुकलं होतं आणि जिल्हा चंद्रपूरऐवजी गडचिरोली लिहिला होता. बाबूभाईंनी दुरुस्तीसाठी फोन केला. होईल म्हणाले. झाली नाही.

त्या आठवड्यात वाघीण टोल्याच्या बोडीवर, लहान तळ्यावर, पाणी प्यायला आलेली बायकांनी पाहिली. सुकरीने करिष्माला शाळेत पाठवणं बंद केलं.

संक्रांत गेली की आमच्या भागातले लोक तेलंगणात मिरची तोडायला जातात. मुकादम गाडी घेऊन येतो, टोलेच्या टोले निघून जातात. त्या वर्षी कोसंबटोल्याची गाडी पाण्याचे डबे घ्यायला बाजारात थांबली. मागे माणसं, भांडी, गाठोडी, कोंबड्या. त्यात सुकरी होती, करिष्माही होती. बाबूभाई कात्री हातात तशीच घेऊन रस्त्यावर गेले. परीक्षा जवळ आलीय, पोरीला कोणाकडे तरी ठेवून जा, आमच्या घरी ठेव, नूरी बघेल तिला, असं ते सांगत राहिले. करिष्मा आईकडे बघत होती.

सुकरीने गाठोडं मांडीवर ओढून घेतलं. जवान पोर परक्या घरी ठेवायचं तिच्या मनात नव्हतं, आणि शाळेचं नाव पोरीने स्वतःच घेणं सोडलं होतं. मुकादम हॉर्न वाजवत होता. ती म्हणाली, "तुमचा काई दोस नाई, भाऊ. तुमी धावले. पन तुमच्या हाती का हाय?"

रागावून बोलली असती तर बाबूभाईंना सोसलं असतं. ती त्यांची समजूत काढत होती. गाडी गेल्यावर ते दुकानात येऊन बसले आणि ब्लाउजचं कापड चुकीचं कापलं. असं त्यांच्याकडून कधी होत नसे. नूरीभाभींनी ते कापड उचलून आत ठेवलं.

मार्चमध्ये निवडणुकीचे वारे वाहू लागले. गुणवंतरावांना नव्या पक्षात तिकीट मिळेना. तिथे आधीच रांग होती. एके दिवशी टीव्हीवर ते पुन्हा दिसले, मुंबईत आमच्याच प्रदेश कार्यालयात, गळ्यात जुन्या पक्षाचा दुपट्टा. प्रदेशाध्यक्षांनी त्यांना मिठी मारली. खाली पट्टीवर आलं, स्वगृही परतले. दुपारी तहसीनचा फोन आला. तो फार अवघडला होता. म्हणाला, चाचा, जिल्हाध्यक्ष पुन्हा गुणवंतरावच राहतील, तुम्ही मोठ्या मनाने घ्या, तुम्हाला प्रदेशावर विशेष निमंत्रित म्हणून घेतोय. बाबूभाई म्हणाले, ठीक हाय बेटा. मग त्यालाच विचारलं, तू जेवला का?

गुणवंतरावांचा स्वागताचा कार्यक्रम गोंडपिपरीतच झाला. गेलेली सगळी माणसं परत आली होती, त्याच गाड्यांतून. बाबूभाईंना स्टेजवर बसवलं. शाल दिली, नारळ दिला. गुणवंतरावांनी भाषणात सांगितलं की वादळात सगळे पळाले तेव्हा या एका फकीर माणसाने पक्ष सांभाळला. टाळ्या पडल्या. पळालेल्यांनीच जास्त वाजवल्या. बाबूभाई शालीचं टोक धरून खाली बघत होते.

कार्यक्रमानंतर चहाच्या वेळी त्यांनी गुणवंतरावांना बाजूला घेतलं. मी जवळच उभा होतो. ते म्हणाले, "भाऊ, कोसंबटोल्याची यष्टी तेवडी पाहून घ्या."

गुणवंतरावांनी खिशातून फोन काढला, आगारातल्या साहेबाला लावला, हवापाण्याची विचारपूस केली आणि म्हणाले, "अरे, ते कोसंबटोल्याचं काऊन अडवून ठेवलं? सोमवारपासून सोडा." फोन खिशात गेला. चहा अजून गरम होता.

"एवढंच होतं का?" गुणवंतरावांनी विचारलं. "मंग मले आधी काऊन नाई सांगितलं? फोन करायचा ना."

बाबूभाईंनी चहावर फुंकर मारली. पक्ष फुटला त्या दिवसापासून त्यांनी गुणवंतरावांना फोन केला नव्हता. विरोधी पक्षातल्या माणसाला कसं सांगायचं, असं त्यांना वाटत राहिलं होतं. गुणवंतरावांना मात्र मधलं वर्ष असं काही आठवतच नव्हतं.

सोमवारी एसटी सुरू झाली. समोर केळीचे खांब बांधले, गुणवंतरावांनी नारळ फोडला. फोटोत बाबूभाईंना पुढे ओढलं, पण ते कडेला गेले.

मिरचीवाले एप्रिलच्या शेवटी परतले. दहावीची परीक्षा तोवर होऊन गेली होती. बाबूभाई शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटले. ते म्हणाले की बाहेरून फॉर्म भरता येईल, मुलगी हुशार आहे, घेऊन या. बाबूभाईंनी मला सोबत चला म्हटलं. आम्ही त्याच एसटीने टोल्यावर गेलो. गाडीत आम्ही दोघं आणि तांदळाची पोती घेऊन एक म्हातारा, एवढेच.

करिष्मा अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. तिची बोटं मिरचीने सोलवटली होती, कातडी पांढरी पडलेली. बाबूभाईंनी सगळं सांगितलं. फॉर्म, मुख्याध्यापक, दारातून जाणारी गाडी. सुकरी पोरीकडे बघून म्हणाली, "तुले जायचं हाय त जा. मी आता अडवत नाई."

करिष्मा जराशी हसली. म्हणाली, "चाचा, मले सगळं भुललं. आता नाई." आणि मोहफुलं पसरवू लागली. पुढच्या साली मुकादम तिलाच टोळीची मेट, म्हणजे मजुरांवर लक्ष ठेवणारी, करणार आहे, असं सुकरीने सांगितलं. तिला त्याचा थोडा अभिमानही वाटत होता.

आम्ही चहा घेतला. एसटी परतीच्या फेरीला यायची होती म्हणून टोल्याच्या तोंडाशी पळसाखाली उभे राहिलो. बाबूभाई म्हणाले की गुणवंतराव उद्या प्रचाराला सुरुवात करताहेत, सतरंज्या काढून ठेवायला पाहिजेत. मी म्हटलं, आता तरी सोडा हे सगळं. ते म्हणाले, "सोडून जाऊ कुठी?"

गाडी आली. आत कोणी नव्हतं. बाबूभाई खिडकीपाशी बसले आणि उद्या सतरंज्या किती लागतील ते बोटांवर मोजू लागले.