चाँदमियाँची दडी जालन्याला नेली

केदारखेड्याच्या फाट्यावर एसटीत चढलो, तसं कंडक्टरनं विचारलं, “बाबा, दवाखान्यात का?” म्हातारा माणूस एकटा जालन्याला निघाला म्हणजे दवाखानाच, असं लोकांनी ठरवून टाकलंय.

“बुद्धिबळाच्या सामन्याला चाललो,” मी म्हणालो.

तो हसला. मी न्हाई हसलो.

वाचणाऱ्यांनी आधी एक समजून घ्यावं. मी चौथी शिकलेलो. पण पटावर मला शिकवलं ते चाँदमियाँनं. चाँदमियाँ आमच्या गावचा नालबंद (बैलाच्या पायाला नाल ठोकणारा). काळ्या सोंगट्या घेतल्या की तो पटाच्या मध्यावर धावायचा न्हाई. घोड्यापुढचं प्यादं एकच घर सरकवायचं, अन् त्या खोबणीत उंट बसवायचा. उंट तिथून तिरका साऱ्या पटावर नजर ठेवतो. समोरच्याला मधली घरं भरू द्यायची, मंग फोडायची. ह्याला आम्ही ‘दडी’ म्हणायचो. आमच्या देशी कायद्यात प्यादं पहिल्यांदा एकच घर चालतं, अन् राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. उंट कामी आला की त्याच्या रिकाम्या घरात राजानं उडी घ्यायची, ही दडीची शेवटची चाल.

पेपरात बारीक छापून आल्तं की नवीन जालन्यात सामने हायेत, अन् पंच म्हणून जे सर येणार, ते डावाच्या सुरुवातींवर मराठीत पुस्तक लिहून राह्यलेत. चाँदमियाँचं नाव त्या पुस्तकात घालायचं, एवढ्यासाठी मी निघालो. मेला तेव्हा त्याच्या कबरीवर नावाचा दगडही लागला न्हाई.

राजूरची टेकडी मागं पडली. दोन्ही अंगाला काळी रानं, मधून मधून मोसंबीच्या बागा. सुनेनं बांधून दिलेले धपाटे (ज्वारीच्या पिठाची तिखट भाकरी) गाडीतच खाल्ले. जालना जवळ आलं ते कारखान्यांच्या धुरावरून कळलं.

ऑटोवाल्यानं मला भलत्याच मंगल कार्यालयात उतरवलं. तिथं हळद चाललेली. एका पाहुण्यानं हाताला धरून पंगतीत बसवलं. “कोणाकडचे, बाबा?” म्हणाला. मी म्हणालो, “बुद्धिबळवाल्यांकडचा.” तो म्हणाला, “असू द्या, जिलबी घ्या.” जिलबी खाल्ली अन् चालत दुसरं कार्यालय गाठलं. नवीन जालन्यात दिवसभरात माझं कुणी आदरानं केलं असेल तर ते त्या चुकीच्या मांडवात.

सामन्यात प्रत्येकाला एक कागद देतात. चाल केली की लिहायची. कागदाच्या डोक्यावर सुरुवातीच्या नावासाठी एक ओळ कोरी असते. मी तिथं आधीच लिहून टाकलं : चाँदमियाँची दडी.

समोर बियाण्याच्या कंपनीत नोकरी करणारी एक बाई होती, चाळिशीची. म्हणाली, “बाबा, किती वर्षांपासून खेळता?” मी म्हणालो, “तुमचा जन्म नव्हता.” ती म्हणाली, “मंग जरा सांभाळून घ्या मला.” बोलायला गोड, पण हात कडक.

दडी बराबर बसली. तिनं मधली घरं भरली. माझ्या कोपऱ्यातल्या उंटानं तिचा घोडा मारला, तिनं उंट मारला. घर रिकामं झालं. माझा हात आपोआप गेला, अन् राजा घोड्यासारखा उडून त्या घरात बसला.

“बाबा, राजा असा जात न्हाई,” ती हळूच म्हणाली.

मला नवा कायदा ठाऊक न्हाई असं न्हाई. गावात पोरांसंगं त्याच कायद्यानं खेळतो. पण दडी जमून आली अन् मी चाँदमियाँसमोर बसलोय असंच वाटलं. सर आले. राजाला हात लावला म्हणजे राजाच हलवायचा, म्हणाले. हत्ती मी आधीच राजाशेजारी आणलेला, त्यामुळं किल्लेकोट करून राजाला हत्तीआड लपवायची सोयही गेलेली. राजा उघड्यावर एक घर पुढं काढावा लागला. पुढच्या आठ चालींत तिनं मात केली.

सरांना गाठलं. “सर, ही दडी आमच्या चाँदमियाँची. पुस्तकात नाव घाला.”

“बाबा, हिला जगात किंग्ज इंडियन म्हणतात.”

“इंडियन म्हणजे आपलीच ना? मंग?”

ते शेजारी बसले. माणूस वाईट न्हाई. म्हणाले, शंभराहून कितीतरी अधिक वर्षांपूर्वी कलकत्त्याला एक बंगाली गृहस्थ एका साहेबाशी खेळायचा. देशी कायद्यात मुरलेला, म्हणून प्यादं एक घर अन् उंट कोपऱ्यात. ते डाव लिहून ठेवलेले, म्हणून आज माहीत. विलायतेतल्या वस्तादांनी नाकं मुरडली. मधला पट सोडतो तो अडाणी, म्हणाले. मंग रशियाकडच्या खेळाडूंनी तीच सुरुवात उचलली, तिच्यात हल्ला भरला. जगज्जेते तिच्यावर खेळले. त्यातल्याच एकानं पुढं मार खाऊन सोडली. आता कॉम्प्युटर म्हणतो, काळ्याला जड जाते. तरी हट्टी लोक खेळतात.

“लिहिलं म्हणून राहिलं, बाबा. तुमच्या चाँदमियाँचा एखादा डाव कागदावर आहे का?”

न्हाई.

अन् का न्हाई, ते मलाच ठाऊक. एकदा चावडीसमोर चाँदमियाँनं तहसीलदाराला दडी घालून हरवलं. त्या संध्याकाळी मला म्हणाला, “लिख ले रे, तू चौथी पढेला है. मेरा तो अंगूठा.” मी म्हणालो, “लिहायचं काय, चाचा? डोक्यात हाय.” खरं म्हणजे माझं अक्षर वाकडं, लोकांसमोर लिहायची लाज वाटली. त्यानं पुन्हा विचारलं न्हाई.

सर म्हणाले, “आजचा डाव घेतो पुस्तकात. जुन्या सवयीनं कसा घोटाळा होतो, त्या धड्यात. वर नाव तुम्ही लिहिलंच आहे.”

“हरलेला डाव?”

“हरलेला.”

ती बाई म्हणाली, “द्या की, बाबा. नाव तर छापून येईल.”

चाँदमियाँचं नाव एकदाच छापून येणार, अन् ते माझ्या चुकीवर. कागद सरांना ठेवावाच लागतो, म्हणून मी त्यांचंच पेन मागितलं अन् वरचं नाव खोडलं. दिसू नये म्हणून पुन्हा गिरवून खोडलं.

कार्यालयात सामन्याच्या जाहिरातीचा एक कागद वाटला होता, त्याची मागची बाजू कोरी होती. परतीच्या गाडीत तो काढला. तहसीलदाराचा डाव लिहायला घेतला. गाडी हलत होती, अक्षर आधीच वाकडं. राजूर येईपर्यंत अकरा चाली झाल्या. बारावी आठवेना. चाँदमियाँनं हत्ती हलवला की वजीर? ज्याला विचारावं असा गावात कुणी उरला न्हाई.

सुनेनं विचारलं, “जिंकलात का, मामंजी?” मी हात धुवायला गेलो.

बारावीची जागा सोडून पुढच्या चाली घरी लिहिल्या. तो कागद रोज काढून बघतो. बाराव्या जागी माझ्या मनची चाल घातली तर डाव पुरा होईल, कुणाला कळणारही न्हाई. पण मंग तो चाँदमियाँचा राहणार न्हाई. जागा कोरीच ठेवली हाय.