किल्ल्या माझ्या खिशात

बुलढाण्यातल्या आमच्या कॉलेजात नेटवर्कचे स्विच प्रत्येक मजल्यावर कुलपाच्या कपाटात आहेत. त्यांची सेटिंग बदलायला आलेल्या माणसावर माझा भरवसा नव्हता, म्हणून किल्ल्या मी खिशातच ठेवल्या. त्यानं त्या मागितल्याच नाहीत; फक्त स्विचचा पासवर्ड माझ्याकडून विचारून घेतला. खुर्चीत बसून, बोटं मोडून, त्यानं लॅपटॉपवर छोटासा प्रोग्राम चालवला आणि बंद कपाटातले स्विच त्याला उत्तरं देऊ लागले.

"काय करून राह्यले तुमी?" मी विचारलं.

"सध्या नुसतं विचारून राह्यलो, साहेब. बदल मंग करीन."

मी त्याच्या मागून हललो नाही. काम आटोपल्यावर तो उठला.

"आता पासवर्ड बदलून घ्या. हा मले मालूम झाला."

मी बदलत होतो तेव्हा तो दाराबाहेर पाठमोरा उभा होता. तरी मी कीबोर्डवर दुसरा हात आडवा धरलाच.