ठोक्याची बासरी गेली कुठे

सांगा बघू, ख्रिस्ती माणसाने कव्वाली ऐकली तर तुमचं नेमकं कुठे दुखतं? डोकं, पोट, की शेजारधर्म? विचारायचं कारण असं, की ठोक्याला हा जाच जन्मभर सोसावा लागला. चर्चमधले म्हणायचे, कव्वाली काय, भजनं काय, हा कसला आपला माणूस. बाहेरचे म्हणायचे, हा तर त्यांच्यातला, याला रागदारीतलं काय कळतंय. दोन्ही बाजूंनी बडवून घ्यायला तो काय ढोल होता?

ठोक्या पत्र्याचं काम करायचा. हॉटेलांच्या स्वयंपाकघरातला धूर बाहेर नेणारी चौकोनी पत्र्याची नळकांडी असतात ना, ती तो बनवायचा. पत्रा कापायचा, वाकवायचा, कडा एकमेकींत अडकवायच्या आणि हातोड्याने ठोकून सांधा बसवायचा. दिवसभर ठोकाठोक, म्हणून नाव ठोक्या. ठोकायचं तेही तालात. कारखान्याच्या कोपऱ्यात तेलाने काळाकुट्ट झालेला रेडिओ असायचा. त्यावर सकाळी बासरी, दुपारी जॅझ, आणि कामाची घाई असली की पोरांचं ते तोंडभर शिव्यांचं रॅप.

"शिव्या वजा केल्या तर फार प्रामाणिक गाणं आहे," ठोक्या म्हणायचा.

"शिव्या वजा केल्यावर उरतं काय?" शेजारचा वेल्डर विचारायचा.

"ठेका उरतो की. तुला दुसरं काय हवंय?"

घरी दोन स्पीकर. एवढे अगडबंब, की पाहुणा आला तर चहाचा कप त्यांच्यावरच ठेवायचा. बायको बेकरीच्या गल्ल्यावर बसायची. दिवसभर गिऱ्हाइकांची कटकट ऐकून आलेल्या बाईला घरात जरा शांतता लागते, हे या गृहस्थाच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. जेवणाआधीची प्रार्थनासुद्धा सरळ संपायची नाही. "बापा, या अन्नासाठी तुझे आभार. त्या सारंगीवाल्याच्या बोटांसाठी आभार. आणि ती ऑपेरातली बाई, जी सुरा खुपसल्यावरही मरायचं सोडून गातच राहते, तिच्या छातीतल्या दमासाठी..."

"आमेन," बायको मिटल्या डोळ्यांनी म्हणायची. "जेवण गार होतंय."

रविवारी मात्र हा माणूस चर्चच्या गायनमंडळात मागच्या रांगेत उभा राहायचा आणि सगळ्यांत खालचा सूर धरायचा. खालच्या सुराचं घराच्या पायासारखं असतं. त्याच्याकडे कुणी बघत नाही, पण तो सरकला की सगळं घर हलतं. मिसरूड फुटल्यापासून ती जागा त्याची. बाकीची सगळी संगीतं त्याच्या आवडीची होती. पण ती मागची जागा कुणी काढून घेतली असती, तर ठोक्या नावाच्या माणसात फारसं काही शिल्लक राहिलं नसतं.

आणि मग बासरी बिघडली.

म्हणजे ठोक्याला तसं वाटलं. "आजकालच्या बासरीवाल्यांत फुंकर उरली नाही," असं तो येईल त्याला सांगू लागला. काही महिन्यांनी व्हायोलिनवाले कामचुकार झाले. मग गाणाऱ्या बायका तोंडातल्या तोंडात पुटपुटायला लागल्या. त्याने वायर बदलली. स्पीकर भिंतीपासून पुढे ओढले, पुन्हा मागे ढकलले. शेवटी आवाज वाढवला. वरच्या मजल्यावरचे खाली आले, तर त्यांच्याशीच भांडला.

"अहो, जरा कमी करा ना," बायको म्हणाली.

"अगं, ऐकू तरी येतंय का त्यातलं काही?"

"मला येतंय. पुढच्या गल्लीलाही येतंय."

आता डोकं फिरवणारा भाग ऐका. चर्चमध्ये सगळ्यांना कळलं होतं. हातोड्याने ठोक्याचे कान खाल्ले होते. दुसऱ्यांचे सूर त्याच्यापर्यंत पोचत नव्हते, आणि तो पूर्ण श्रद्धेने, भरदार आवाजात, भलतंच काहीतरी गात होता. कळलंय तर सांगावं ना तोंड उघडून? छे. ही माणसं प्रेमळ. प्रेमळ माणसांइतका ताप जगात दुसरा नाही. गायनमंडळ चालवणाऱ्या झुपकेदार मिशांच्या मास्तरांनी आधी ठोक्याला पंख्याखाली उभं केलं, "तुम्हाला उकडतं" म्हणून. मग खांबामागे सरकवलं. मग त्याच्या बाजूचा माइकच नेमका नादुरुस्त झाला. आणि बुधवारच्या प्रार्थनासभेत 'आपल्या एका भावाच्या खास अडचणीसाठी' प्रार्थना सुरू झाली. ठोक्याचा गुडघा त्या दिवसांत धरायचा. त्याला वाटलं, आपल्या गुडघ्यासाठीच चाललंय सगळं. तोही हात जोडून सामील व्हायचा आणि निघताना सगळ्यांना सांगायचा, "फरक पडतोय बरं का." लोक मान डोलवायचे. एकाही माईच्या लालाला लाज वाटली नाही.

चर्चच्या वर्धापनदिनाची उपासना जवळ आली. त्या दिवशीच्या एका गीतात मध्येच सगळे थांबतात आणि खालचा सूर एकटा एक ओळ चालतो. ती ओळ दरवर्षी ठोक्याची. मास्तर त्याच्या घरी येऊन बसले.

"यंदा मोठी मेणबत्ती तुम्ही लावायची. फार मोठा मान आहे."

ठोक्या हरखला. "लावतो की. मेणबत्ती लावतो, जागेवर येतो आणि ओळ गातो. त्यात काय एवढं?"

मास्तरांनी बिस्किट खाल्लं, मिशी पुसली आणि उठले. बस, एवढीच हिंमत. जिन्यात ठोक्याच्या बायकोला गाठून म्हणाले, "वहिनी, तुम्हीच जरा सांभाळून सांगा त्यांना."

"सांभाळून तुम्ही सांगा, मास्तर. सांगितल्यावर मला त्यांच्याबरोबर राहायचंय."

थोडक्यात, तीही गप्प बसली.

शनिवारी दुपारी ठोक्याने एक स्पीकर खांद्यावर घेतला, दुसरा बायकोच्या कमरेवर दिला आणि दोघं दुरुस्तीच्या दुकानात धडकले. दुरुस्तीवाला वैतागला. याच स्पीकरची त्याने एकदा तपासणी केली होती, आणि काही बिघाड नाही म्हणून सांगितलंही होतं.

"काका, पुन्हा?"

"तुझ्या हाताला गुण नाही. बासरी लाव आणि ऐकव मला."

त्याने तारा जोडल्या, बटण दाबलं आणि हाताची घडी घालून उभा राहिला. ठोक्या वाट बघत होता. फॅन दुरुस्त करायला आलेला एक माणूस बोलता बोलता थांबला. बायकोने ओझं खाली ठेवून कंबर चोळायला सुरुवात केली होती, तिचा हात मध्येच थबकला.

"लाव की रे," ठोक्या म्हणाला.

"लागलीय, काका."

"कुठे लागलीय?"

दुरुस्तीवाल्याने स्पीकरच्या जाळीवर बोट टेकवलं. ठोक्याने बायकोकडे पाहिलं. तिची चप्पल जमिनीवर हळूहळू ठेका धरत होती, तिच्याही नकळत. त्याची नजर पडली तशी ती थांबली.

"तुला येतेय ऐकू?"

"येतेय."

"आणि मला येत नाही, हे तुला कधीपासून माहीत आहे?"

बायकोने पदराने तोंड पुसलं. "तुमच्या आधीपासून."

दोन्ही स्पीकर तिथेच टाकून ठोक्या तडक चर्चमध्ये गेला. सराव चालू होता. तो आत शिरला, खांबामागे न जाता मास्तरांच्या समोर जाऊन उभा राहिला. मास्तरांचा चेहरा बघूनच त्याला उरलंसुरलं कळलं.

"म्हणजे गुडघ्यासाठी नव्हतं ते," तो म्हणाला.

वरच्या सुरातल्या बायका पायांकडे बघू लागल्या.

"तुम्हाला दुखवायचं नव्हतं हो," मास्तर म्हणाले. "आम्ही रोज देवापुढे तुमचं नाव..."

"देवाला सांगितलंत. बेसूर कोण गात होतं, मी की देव?"

"चिडू नका ना."

"चिडू नको तर काय करू? पत्र्याचा सांधा उघडा पडला तर मी त्याच्यासाठी प्रार्थना करत बसत नाही, ठोकतो. मी एवढा मोठा माणूस, भर चर्चमध्ये माझं हसं करून घेत होतो, आणि तुम्ही मला पंखा लावलात."

त्याच्या शेजारी उभा राहणारा न्हावी हळूच म्हणाला, "मी सांगणारच होतो."

"कधी? मला पुरताना?"

मग कानात यंत्र आलं. सगळं गोड झालं असं वाटत असेल तर तसं काही नाही. बासरी परत आली, पण काचेवर नख ओढल्यासारखी. कव्वालीतल्या टाळ्या ताटल्या फुटल्यासारख्या वाजायच्या. ऑपेरातली बाई मरण्याआधीच मेलेली बरी वाटायची. ठोक्या यंत्र काढायचा, टेबलावर आपटायचा, पुन्हा घालायचा. खालचे आवाज, म्हणजे ढोल आणि जॅझमधलं ते उभं, माणसाएवढं व्हायोलिन, मात्र अजून त्याचेच होते. रात्रीच्या जेवणाची प्रार्थना आखूड झाली. बायकोला इतकी वर्षं हवी होती ती शांतता मिळाली, आणि ती तिला सोसवेना. "त्या सारंगीवाल्याचं काही नाही का आज?" असं तिनेच एकदा विचारलं. ठोक्या भात कालवत राहिला.

मेणबत्ती लावायला त्याने साफ नकार दिला. ओळ मात्र सोडली नाही. सरावाला जाऊन त्याने न्हाव्याला बजावलं, "मी घसरलो की कोपर मारायचं. बरगडीत मार. आणि प्रेमाने मारू नकोस, लागलं पाहिजे."

"भर उपासनेत कोपर?" मास्तर म्हणाले.

"तुमच्या प्रार्थनेने झालं नाही, आता याच्या कोपराने बघू."

उपासनेच्या दिवशी सगळे थांबले आणि ठोक्याने ओळ उचलली. सुरुवात बरोबर. मधल्या शब्दावर सूर निसटला, आणि पुढच्या रांगेला पवित्र शांततेत 'हुक्' असा एक आवाज स्पष्ट ऐकू आला. मास्तरांच्या मिशा थरथरल्या. ठोक्या कळवळून पुन्हा सुरावर आला, पुन्हा घसरला, पुन्हा कोपर खाल्लं. शेवटचा सूर न्हाव्याने त्याच्याबरोबर धरला तेव्हा कुठे ओळ संपली. फार सुरेख झाली असं कुणीही म्हणणार नाही. पण ती त्याने गायली, आणि आपण काय गातोय ते त्याला ठाऊक होतं. पुढच्या सरावाला तो आपल्या जुन्या जागेवर हजर होता, शर्टाच्या आत बरगडीला पट्टी बांधून.

तर आता तुमच्याकडे एकच मागणं. तुमच्या घरात, कामावर, शेजारच्या बाकावर असा एखादा माणूस नक्की असेल, ज्याचं काय बिनसलंय ते त्याच्याखेरीज सगळ्यांना माहीत आहे. त्याच्यासाठी प्रार्थना जरूर करा. पण आधी त्याला सांगा.