बॉनेटखालचं बिऱ्हाड

२००८च्या गणपतीत आमच्या नेपरव्हिलच्या घरी, गॅरेजमध्ये उंदीर शिरला आणि त्याच आठवड्यात कंपनीने मला सांगितलं, महिनाअखेरपासून येऊ नका. व्हिसा नोकरीला बांधलेला. तीस तारखेच्या आत दुसरी नोकरी नाही मिळाली, तर बायको-मुलीसकट चंबूगबाळं आवरून पुण्याला परत. मुलगी तिसरीत होती. तिला मराठी वाचताही येत नव्हतं.

उंदरासाठी मी सापळा आणला. सहा महिन्यांसाठी आलेल्या आईने तो हातातून काढूनच घेतला.

"घरात बाप्पा बसलेत आणि तू त्यांच्या वाहनाला मारतोस? विसर्जन होऊ दे, मग काय ते कर."

"आई, हा बाप्पाचा नाही गं, इलिनॉयचा उंदीर आहे."

"तुझी अक्कल तुझ्यापाशीच ठेव."

सापळा कपाटात गेला. खरं सांगायचं तर मलाही बरंच वाटलं. पाचव्या दिवशी इंटरव्ह्यू होता. अशा वेळी बाप्पाशी कशाला वाकडं घ्या!

इंटरव्ह्यू शॉमबर्गला. तिकडे सरळ ट्रेन नाही, गाडीनेच जायचं. एरवी मी ऑफिसला ट्रेनने जायचो आणि बायकोकडे लायसन्स नव्हतं, त्यामुळे गाडी आठवडाभर गॅरेजमध्येच उभी होती. मी रस्त्याचा नकाशा प्रिंट केला, शर्टाला इस्त्री केली, रेझ्युमेच्या तीन प्रती काढल्या. सगळं चोख. सकाळी किल्ली फिरवली, तर गाडी ढिम्म हलेना. टॅक्सी यायला तास लागला. पोचलो तोवर मॅनेजर एअरपोर्टला निघून गेला होता. "वुई विल कॉल यू," रिसेप्शनवरची बाई गोड हसून म्हणाली. कसला कॉल अन् कसलं काय! करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

दुपारी मेकॅनिक आला. त्याने बॉनेट उघडलं. वायरी कुरतडलेल्या आणि इंजिनाच्या कडेला घरटं. पेपर नॅपकिनचे तुकडे, कसलासा कापूस, आईने वळलेल्या फुलवाती. मध्ये पाच पिल्लं, गुलाबी, डोळेही न उघडलेली. उंदरीण कुठे दिसली नाही.

"काय करू यांचं?" त्याने विचारलं. माझं डोकं फिरलेलंच होतं. मीच ते घरटं ओढून काढलं, कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि वरून झाकण दाबलं. त्या पिल्लांनी माझं काय घोडं मारलं होतं? वायरी काही त्यांनी कुरतडल्या नव्हत्या. पण तेव्हा कुणावर तरी राग काढायचा होता.

घरात आलो. बॉनेटखाली घरटं निघालं, एवढंच सांगितलं. आई स्वयंपाकघरात गवार मोडत बसली होती.

"पिल्लं होती का रे?"

"नाही. रिकामं होतं."

"मग शहाणी हो ती! वेळेत पोरांना घेऊन निघाली." आईला अगदी हायसं वाटलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आपणही निघू, बाळा. त्यात काय एवढं? बॅगा खाली काढ."

मला रडू आवरेना. तिला वाटलं, नोकरीसाठी रडतोय.