पोरीच्या जिमची दुसरी जाहिरात

आमच्या पोरीने मिहानमधल्या कंपनीतली नोकरी सोडली आणि नागपुरातच लकडगंजात फक्त बायांसाठी जिम काढली. खाली लाकडं कापायची आरामशीन, वर जिम. वर्षभरात सहा बाया आल्या, त्यातल्या दोन आमच्याच नात्यातल्या. दिवाळीपर्यंत बाया वाढल्या नाहीत तर मशिनी विकून पुन्हा नोकरी धरायची, असं तिने ठरवलं होतं. मेथी निवडता निवडता तिने मला हे सांगितलं. मी म्हटलं, बरं. तेव्हा मी सगळ्यालाच बरं म्हणत होते. तिचे बाबा जाऊन दोन महिने झाले होते, आणि मला काही वाटायचंच बंद झालं होतं. रडू नाही, भूक नाही, काही नाही.

तर तिने इथल्या केबलच्या चॅनलवर जाहिरात दिली. म्हणजे बातम्यांच्या मधे मधे लागते ना, तशी. एक बारीक पोरगी आणली, तिला घट्ट कपडे घातले, अंगावर पाणी शिंपडून घाम दाखवला, मागे ढोलासारखं संगीत. शेवटी इंग्रजीत काहीतरी मोठ्या अक्षरात. दिसायला चांगली होती हो, नाही कशाला म्हणू? पण आठवड्याभरात फोन आले तीन. त्यातला एक तर बाप्याचा.

"ते टीव्हीवाली पोरगी रोज येते का?"

"रोज येते, अन् तिचा भाऊ पैलवान आहे," असं म्हणून पोरीने फोन आपटला. त्यानंतर ती बाथरूममध्ये बराच वेळ नळ सोडून बसली.

संध्याकाळी तिने मला विचारलं, "आई, तुले ते जाहिरात पाहून काय वाटलं?"

"काही नाही वाटलं वं."

"तुले तर काहीच नाही वाटत आजकाल."

खरं होतं. पण मी काही आंधळी नव्हते झाले. तिचे बाबा गेले तेव्हा पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमापर्यंत घरी रोज बाया बसायला यायच्या. समोरच्या खोलीत सतरंजी टाकलेली. मी भिंतीला टेकून असायची, आणि कोण काय बोलतं ते कानावरून जायचं. डोळ्यांना मात्र एकच गोष्ट दिसायची, बाया उठतात कशा. बसायला सगळ्या बसायच्या. उठताना कोणी भिंत धरायची, कोणी जमिनीवर आधी एक गुडघा टेकवायची, कोणी सुनेला हाक मारायची, "हात दे वं, नाही तर आज इथंच मुक्काम!" दुःखाच्या घरातही त्यावर हसू व्हायचं. माझी मावसबहीण तर सरळ खुर्चीवर बसली आणि वर म्हणाली, "खाली बसली तर मलेच खांदा द्यावा लागल तुमाले."

हे मी पोरीला सांगितलं. पोळी लाटता लाटताच सांगितलं, काही मोठा विचार करून नाही. म्हटलं, आमच्या वयाच्या बाईला कंबर बारीक करायची नाही. तिला चार बायांत खाली बसून आपलं आपण उठायचं आहे. ते दाखव.

तिने लाटणं माझ्या हातातून काढून घेतलं. "तूच बस कॅमेऱ्यासमोर."

"बरं."

कॅमेरावाला तरुण होता, हिंदी-मराठी एकत्र बोलणारा. त्याने मला सतरंजीवर बसवलं. "आंटी, थोडं हसा ना!" हसू येत नव्हतं. मग त्याने युक्ती काढली. आधी मला कष्टाने उठताना घ्यायचं, मग बाजूने कोणीतरी ओढायचं, ओढणारे हात चित्रातून कापून टाकायचे, म्हणजे जिमने बाई टुणकन उठली असं दिसेल.

"नाही गा," मी म्हटलं. "मी जिममध्ये एक दिवस गेली नाही. खोटं काहून दाखवतं?"

दिवाळी तीन आठवड्यांवर होती आणि तिचं सगळं त्या जाहिरातीवर होतं, तरी पोरीने कॅमेरावाल्याला सांगितलं, आई म्हणते तसंच घे. मग जे होतं तेच घेतलं. मी भिंत धरते, गुडघा टेकवते, अर्धी उठते, पुन्हा बसते. संगीत नाही. शेवटी तिचा आवाज, "या. हळूहळू उठू." बस, एवढंच.

कॅमेरावाला म्हणाला, हे कोण पाहील?

पण पाहिलं. पहिल्याच दिवशी फोनवर फोन. "ते खालून उठाचं शिकवता का?" "माझ्या सासूले आणू का?" दिवाळीच्या आधीच सकाळची बॅच भरली, दुपारची नवीन काढावी लागली. ती मावसबहीण फोनवर ओरडली, "तुझं ते वाळल्या लाकडासारखं तोंड पाहून आल्या बाया!" असेलही. मला वाटतं, त्यांना कोणी काही विकून नाही राहिलं, असं वाटलं असेल. जाहिरातीत कोणीतरी खरंच अडलेलं दिसलं.

बॅच भरली त्या दिवशी पोरगी धावायच्या मशीनच्या पट्ट्यावर बसून रडली. "आई, जिम नाही बंद करत आता." मी तिच्या पाठीवर हात फिरवला. हात फिरतोय हे कळत होतं, बाकी काही नाही.

तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. "तुले आनंद नाही झाला ना?"

"नाही वं. होईन कधी."

"मंग तोवर दुपारच्या बॅचले येत जा," ती म्हणाली. "बाया विचारून राहिल्या, टीव्हीवाली बाई कुठं आहे म्हणून."

मी जाते रोज. बाया पुष्कळ बोलतात, मी ऐकते.