कादरभाईंचे खड्डे

कादरभाईंची सुट्टी संपायला चारच दिवस उरले होते. कतारमधल्या उम्म सलाल मोहम्मदजवळच्या साइटवर मी सकाळची हजेरी घेत होतो आणि फोनवर त्यांचंच नाव उमटलं. "काय कादरभाई, निघायची तयारी झाली का?" मी हसतच विचारलं. पलीकडे बाईचा आवाज होता. "मी शबनम, त्यांची मुलगी. अब्बा गेले काल. दुपारी जेवून जरा पडले, ते उठलेच नाहीत..." समोर उभे असलेले माळी माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. "कादरभाई अब नहीं आएंगे," एवढंच मला म्हणता आलं. त्याला आता सात आठवडे झाले.

कादरभाई राजापूरकडचे. सव्वीस वर्षं कतारमध्ये बागकाम करत होते आणि माझ्या हाताखाली फोरमन होते. मी साताऱ्याचा, उद्यानविद्येची पदवी घेऊन कॉन्ट्रॅक्टवर आलेला. पहिलीच मोठी जबाबदारी होती ती एका नव्या शाळेच्या मैदानाभोवती कडुनिंब आणि सिद्र, म्हणजे इथलं बोरीच्या जातीचं काटेरी झाड, लावण्याची. ड्रॉइंगप्रमाणे खड्डे खणून झाले. कादरभाईंनी एका खड्ड्यात पाणी भरून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मला तिथे नेलं. पाणी होतं तेवढंच होतं. "साहेब, खाली कातळ हाय. पाण्याला जायला वाट नाय. ब्रेकर लावून तळ फोडूया, नायतर पाण्यातलं मीठ मुळाशी बसंल." मी त्यांना ड्रॉइंग दाखवलं, शाळा उघडायची तारीख सांगितली आणि म्हणालो, "यल्ला, चला, लावून टाका." ते रोपं आणायला गेले.

मे महिन्यात पानांच्या कडा करपायला लागल्या. जूनमध्ये निम्मी झाडं नुसत्या काठ्या झाली. मॅनेजरनं कारण विचारलं, तेव्हा मी ईमेलमध्ये लिहिलं की पाणी देणाऱ्या टीमनं वेळापत्रक पाळलं नाही. ते खोटं आहे हे मला माहीत होतं का? नीट तपासलं नव्हतं एवढं खरं... आणि तपासायची इच्छाही नव्हती. दोन दिवसांत टीममधल्या सहा जणांना मायदेशी परत पाठवायचं ठरत आल्याची बातमी आली. त्या दुपारी कादरभाई माझ्या केबिनमध्ये आले. "जरा बाहेर या, साहेब." भर उन्हात त्यांनी एक मेलेलं झाड फावड्यानं उकरून काढलं. मुळांवर पांढरा थर बसला होता. त्यातलं एक ढेकूळ त्यांनी माझ्या हातावर ठेवलं. "चाटून बघा." मी चाटलं. समुद्राचं पाणी तोंडात गेल्यासारखं झालं. "पोरांनी पाणी बरोबर दिलंय. पाणी उडून जातं, मीठ मागं ऱ्हातं. झाड मेलं तर दुसरं लावता येईल, साहेब. पण ह्या लोकांची घरं..."

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरसमोर उभा राहून सगळं सांगितलं. चूक माझी, कादरभाईंनी आधीच बजावलं होतं, मी ऐकलं नाही. त्यानं विचारलं, "दुरुस्त करता येईल?" मी म्हणालो, "मला नाही, कादरभाईंना येईल." सहाही जण राहिले. माझी बढती मात्र त्या वर्षी हुकली, आणि ते योग्यच झालं. तो सगळा उन्हाळा आम्ही पहाटे साडेचारला सुरुवात करून खड्ड्यांचे तळ फोडत होतो आणि मेलेल्या झाडांच्या जागी नवी लावत होतो. रोजच्या शिंपण्याऐवजी कादरभाई चार-पाच दिवसांनी एकदाच भरपूर पाणी सोडायचे, म्हणजे मीठ खाली धुऊन जाईल. खोडांभोवती खजुराच्या वाळक्या झावळ्या अंथरायचे. त्या ईमेलचा त्यांनी कधी उल्लेख केला नाही. शेवटी मीच विचारलं, "तुम्ही थेट वर जाऊन माझी तक्रार का नाही केलीत?" ते म्हणाले, "तुम्ही स्वतः जाल असं वाटलं." आज त्या शाळेतली मुलं त्याच झाडांखाली बसून डबा खातात.

गेल्या महिन्यात शबनमकडे सामान पाठवायचं म्हणून मी एशियन टाउनजवळच्या कामगारवस्तीतल्या त्यांच्या खोलीवर गेलो. ट्रंक, नमाज पढायची जानमाज, दोन चष्मे. खिडकीत मात्र दूधपावडरचे सात डबे ओळीनं ठेवलेले, प्रत्येकात गावाहून आणलेल्या बियांचं कढीपत्त्याचं रोप. त्यांच्याबरोबर राहणारा नेपाळी माळी संकोचून म्हणाला, "पाणी देना बंद नहीं किया, सर." ते डबे विमानानं पाठवता येईनात. शबनम म्हणाली, "तिकडेच वाटून टाका." एक अल अझीझियातल्या आमच्या घराच्या बाल्कनीत आला. माझी मुलगी घरात इंग्रजीच बोलते, पण त्या रोपाशी का कोण जाणे मराठीत बोलते. परवा बायकोनं त्याची चार पानं तोडून आमटीला फोडणी दिली. घरभर वास पसरला. मी रोपाचा आणि आमटीचा फोटो शबनमला पाठवला. तिचं उत्तर लगेच आलं : "एवढ्या लहान रोपाची पानं तोडतात होय? अब्बा केवढे ओरडले असते तुम्हाला!"

आता त्या रोपाला हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद मुलीनं आम्हा दोघांना दिली आहे.